बाबांचं नाक

दूध करपलं तेव्हा मी आंघोळ करत होते. केसांना टॉवेल गुंडाळून धावत बाहेर आले, तर सगळं घर करपट वासाने भरलेलं. आणि माझे सासरे गॅसपासून चार हातांवर खुर्चीत बसून चिमीला वर्तमानपत्रातली चित्रं दाखवत होते.

“बाबा, दूध!”

“अरेच्चा!” ते उठले. “लक्षच नव्हतं बघ.”

मी गॅस बंद केला आणि पातेलं पाण्याखाली धरलं. लक्ष माझं तरी कुठे थाऱ्यावर होतं? चिमी सात महिन्यांची झाली, आणि या सात महिन्यांत मी सलग तीन तास झोपल्याचं मला आठवत नाही. परवाच घराच्या किल्ल्या फ्रीजमध्ये लोण्याशेजारी सापडल्या. अशा बाईने दुसऱ्याच्या विसराळूपणावर बोट ठेवू नये. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. विसराळू माणसाला दूध आठवत नाही हे समजू शकतं. पण एवढा वास?

आणि तोही बाबांना! बाबांचं नाक म्हणजे आमच्या घराची पाटी होती. आम्ही वर राहतो, खाली आमचं गॅरेज. साध्या गाड्या नवरा बघतो. पण वेगाच्या, जमिनीला चिकटून धावणाऱ्या महागड्या गाड्या लांबलांबून येतात त्या बाबांसाठी. काचेच्या बाटलीत टाकीतलं चार थेंब पेट्रोल काढायचं, बाटली हलवायची, नाकाखाली धरायची, डोळे मिटायचे. की बाबा सांगणार, ताजं आहे, शिळं आहे, की कुणी रॉकेल मिसळलंय. लोक त्यांना ‘नाकवाले काका’ म्हणतात.

सोमवारी माझी रजा संपत होती. ठरलं असं होतं, की मी ऑफिसला गेले की चिमी दिवसभर वर बाबांजवळ राहील. तेच दूध गरम करतील, भात शिजवतील. हे ठरल्यापासून बाबांची चाल बदलली होती. त्यांनी नातीसाठी जुन्या बेअरिंगचा एक खुळखुळासुद्धा करून ठेवला होता. (तो मी उकळून घेतला. तीनदा.)

दूध करपल्यानंतर मी दोन दिवस नुसती बघत राहिले. तिसऱ्या दिवशी एक वाईट काम केलं. चिमीने घाण केलेला लंगोट मी मुद्दाम बाबांच्या खुर्चीमागे ठेवला आणि कपड्यांच्या घड्या करत बसले. वीस मिनिटं. खालून जेवायला आलेला नवरा दारातच ओरडला, “अरे बापरे! घरात काय मेलंय?” बाबा लगेच म्हणाले, “हो ना, मी मघापासून म्हणतोय.”

ते मघापासून काहीही म्हणाले नव्हते.

मी नवऱ्याला आत नेऊन सांगितलं. तो हसला. “बाबांच्या नाकावर शंका? अगं, त्या नाकावर हे घर उभं आहे. तू जरा झोप.”

‘तू जरा झोप’ हे आमच्या घरात मला मिळणारं सर्वांत स्वस्त औषध.

मी झोपले नाही. पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना फोन केला. एक जागा होती. “शनिवारी पाचपर्यंत थांबते,” त्या म्हणाल्या. “मग दुसऱ्या कुणाला तरी देईन.” जागा हवी म्हणायचं, तर बाबांना कारण सांगायला हवं. आणि कारण कोणत्या तोंडाने सांगायचं? माझ्या हातात होतं काय, एक करपलेलं पातेलं आणि एक लंगोट.

शनिवारी दुपारी मी खाली गॅरेजच्या काचेच्या खोलीत कार्डं लिहीत होते. दर गाडीचं एक कार्ड: काय तक्रार, काय तपासलं, काय केलं. चिमी शेजारी ढकलगाडीत झोपलेली. तेवढ्यात दातांचे डॉक्टर आपली लाल गाडी घेऊन आले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी ती दोन दारांची गाडी घेतली आणि तेव्हापासून त्यांची पाठ दुखते, कारण तिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं.

“काका, उद्या आमची मंडळी घाटात चाललीय. दहा गाड्या,” ते बाहेर येण्याची धडपड करत म्हणाले. “पण चढावर हिच्या पोटात टकटक वाजतंय. कुणीतरी आतून दार ठोठावतंय जसं.”

“पेट्रोल कधी भरलंत?” बाबांनी विचारलं.

“काल. पंपावर होतं त्यातलं सगळ्यात महाग.”

मी कार्ड घेऊन बाहेर आले. बाबांनी बाटलीत पेट्रोल काढलं, हलवलं, नाकाखाली धरलं, डोळे मिटले. बघत राहावं असं ते दृश्य असतं.

“ताजं आहे,” बाबा म्हणाले. “टकटक दुसऱ्या कशाची तरी असणार. तुम्ही जाऊन या उद्या, मग बघू.”

मी तोवर जवळ पोचले होते. बाटलीतून वास आला. आंबूस, जुन्या रंगाच्या डब्याचं झाकण उघडल्यावर येतो तसा. ताज्या पेट्रोलचा वास नाकात टोचतो. गॅरेजवाल्या घरात पाच वर्षं काढल्यावर एवढं मलाही कळतं. डॉक्टरांना मात्र काही कळलं नव्हतं. त्यांचं नाक औषधांनी कधीच कामातून गेलंय, असं ते स्वतःच सांगत असतात.

शंका खरी ठरल्याचा आनंद वगैरे होतो म्हणतात. मला नुसता थकवा आला.

बोलले असते, तर एका वाक्यात बाबांची चाळीस वर्षं त्या फरशीवर सांडली असती. न बोलले असते, तर हा माणूस उद्या ती गाडी घाटात पळवणार होता. मी पेनाचं टोपण काढलं.

“डॉक्टर, कार्डावर लिहायचंय. काल भरलंत, त्याआधी टाकीत किती होतं?”

“अर्धी टाकी असेल की. गाडी आठ महिने कापडाखालीच होती ना, माझी पाठ धरली होती तेव्हापासून.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कार्डावर ‘शिळं’ असं लिहिलं आणि कार्ड त्यांच्याकडे वळवून धरलं. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, वाचलं, आणि बाटली उजेडात धरली.

“टाकी रिकामी करावी लागेल,” ते म्हणाले.

“आत्ता तर ताजं म्हणालात!”

“वरचं ताजं, खालचं शिळं. तुम्ही दाताला नुसतं वरून पांढरं फासता का, आत कीड असताना?”

डॉक्टर खूश होऊन हसले. “मानलं काका! हे असलं नाक मिळायचं नाही कुठे.”

मी मात्र घाबरले. किती सहज बोलले हे! लंगोटाच्या वेळीही असेच, डोळ्याची पापणी न हलवता. सोमवारी शेगडी विझून गॅस नुसताच येत राहिला, तरी हे ‘मी मघापासून म्हणतोय’ असंच म्हणतील?

नवऱ्याने टाकी रिकामी करायला घेतली. डॉक्टर म्हणाले, “मग आता शंभर नंबरचंच भरतो. होऊ दे ताकद.”

बाबांनी टाकीचं झाकण उघडून आतली चिठ्ठी दाखवली. “वाचा काय लिहिलंय.”

“किमान अठ्ठ्याण्णव.”

“मग अठ्ठ्याण्णव. पंच्याण्णव नको आणि शंभरची हौस नको. लोकांना वाटतं आकडा म्हणजे ताकद. ती ताकद नाही, सहनशक्ती आहे. हिच्या इंजिनात दाब फार. त्या दाबाखाली पेट्रोलने वेळेआधी पेट घ्यायचा नाही, एवढंच त्या आकड्याचं काम. घेतला, की ठोके. जिथे गिऱ्हाईक जास्त तिथून भरा, म्हणजे माल पडून राहिलेला नसतो.”

“मग आमच्या हिचा आकडा सध्या ऐंशीवर आलाय,” गाडीखालून नवऱ्याचा आवाज आला. “हात लावायचा अवकाश, की भडका.”

सगळे हसले. मीही. चिमी जागी होऊन रडायला लागली, म्हणून तिला घेऊन मी वर गेले.

साडेचार वाजले होते. फोन हातात घेऊन बसले होते, तेवढ्यात जिन्यावर बाबांची पावलं वाजली. ते आले, हात धुतले, खूप वेळ धुतले. मग खुर्ची शेगडीपासून लांब ओढून बसले.

“सोमवारी पोरीला माझ्याजवळ ठेवू नकोस,” ते म्हणाले.

मी फोन खाली ठेवला.

“ती व्हायच्या आधी महिनाभर ताप आला होता ना मला. त्यात नाक गेलं. काहीच येत नाही. पेट्रोल नाही, साबण नाही, काही नाही. वाटलं, येईल परत. मग गिऱ्हाइकांना बोलतं करायला शिकलो. काय भरलं, कधी भरलं. माणसं स्वतःच सगळं सांगून टाकतात गं. आपण फक्त डोळे मिटायचे.” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “आज टाकीत आधीचं किती होतं ते विचारायला चुकलो. तू विचारलंस.”

“घरी का नाही सांगितलंत, बाबा?”

“सांगितलं असतं, तर तू पोरीला ठेवलं असतंस माझ्याजवळ?”

खोटं बोलायची माझी तयारी होती, पण मी चिमीचं दुपटं सारखं करत राहिले.

“ते दूध करपलं त्या रात्री मी जाऊन शेगडीची बटणं चाचपून आलो. मग रोजच जातो. पण हाताने किती चाचपणार? लाव फोन त्या बाईंना. तुझ्या वहीत वाचलाय नंबर. मीही नजर ठेवून असतो म्हटलं.”

मी त्यांच्यासमोरच फोन लावला. जागा होती. बाईंनी सोमवारी सोबत काय काय आणायचं ते सांगितलं आणि मी ते पाठकोऱ्या कार्डावर लिहून घेतलं. सहा दुपटी, दोन बाटल्या, एक ओळखीचं खेळणं. आठ दिवस मला हेच हवं होतं. मिळाल्यावर भिंतीला डोकं टेकून नुसतं बसावंसं वाटलं.

“चारला तुम्ही तिला पाळणाघरातून घेऊन याल का?” मी म्हटलं. “मी येईपर्यंत खाली काचेच्या खोलीत बसा. तिथे शेगडी नाही.”

“बसेन.” मग हळूच, “आणि बाटली?”

“आधी माझ्याकडे आणत जा. संध्याकाळी, मी आल्यावर. गिऱ्हाइकांना सांगायचं, कार्डावर रंग लिहायचा असतो.”

त्यांनी मान हलवली. चिमीने त्यांच्याकडे हात पसरले, तसं त्यांनी तिला उचललं आणि सवयीने तिच्या टाळूवर नाक टेकवलं. रोज टेकवायचे. मी सात महिने बघत होते, आणि मला वाटायचं, आजोबा नातीचा पापा घेतायत.

“सगळे म्हणतात, बाळाच्या डोक्याला वास असतो,” ते म्हणाले. “हिच्या कसा आहे?”

मी उठून जवळ गेले आणि नीट वास घेतला. झोप नसलेल्या डोक्याला शब्दही सापडेनात. “दुधाचा. थोडा घामाचा. उन्हात वाळलेल्या दुपट्यासारखा... नाही सांगता येत, बाबा.”

“असं नाही चालायचं,” बाबा डोळे मिटून म्हणाले. “शिळा की ताजा, तेवढं सांग.”

“ताजा,” मी म्हटलं.