माळ्यावरून उतरलेली निळी बॅग

मित्रांनो, जरा हळू. दांडा ओढू नका, तो अडकतो. मी एक जुनी निळी बॅग आहे, एक चाक गेलेली, आणि खरं सांगायचं तर फार दमलेली. तरी विचारलंच आहे तर सांगते.

माझं माहेर या राजुरीपासून फार लांब, पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात. तिथल्या कुमासी शहरात एका आईनं अख्खा बाजार पालथा घालून मला निवडलं. तिची लेक अकोसुआ लग्न करून आपल्या सुदर्शनबरोबर इकडे निघाली होती. सुदर्शन तिकडे बोअरच्या मोटारी बसवायच्या कामावर होता. विमानतळावर शंभर बॅगांत मी पटकन ओळखू यावे म्हणून आईनं आपल्या पिवळ्या कापडाची पट्टी माझ्या दांड्याला बांधली. निघताना अकोसुआ म्हणाली, "जाऊन येते." त्यांच्याकडे निरोप असाच घेतात.

राजुरीत माझं कौतुक काय विचारता! शेजारच्या बाया मला हात लावून बघून गेल्या. सासूबाई ठमाबाईंची जीभ 'अकोसुआ'वर अडखळायची, म्हणून सुनेची आकू झाली. एकदा ओतूरच्या बाजाराला निघताना आकू नवं शिकलेलं मराठी बोलायला गेली, "आई, जाते." ठमाबाईंच्या काळजात धस्स झालं. "जाते नाय म्हनू बाई. येते म्हनावं." आकू हसतच सुटली. एवढा समुद्र ओलांडून आली, आणि निरोपाची रीत तीच!

पण म्हणणं सोपं असतं हो. त्या वर्षी आकूला लेक झाली, संस्कृती. मग कांदा काढायचा होता, मग सगळं जगच घरात बसलं, मग व्हिसा अडला. दरसाल "पुढच्या साली नक्की". मी माळ्यावर गेले. आधी माझ्यात गोधड्या कोंबल्या, मग कांद्याचं बी, मग बिघडलेला मिक्सर. उंदरानं एक कोपरा कुरतडला. बघता बघता नऊ वर्षं गेली.

मग आकूच्या भावाचा फोन आला. आई माणसं विसरायला लागली होती. ओळखतेय तोवर ये, म्हणाला. सुदर्शन नवी बॅग आणायला निघाला, तर आकूनं साफ नाही म्हटलं. आईनं घेतलेली आहे, हीच न्यायची. ठमाबाईंनी स्वतः मला पुसून काढलं आणि विहिणीसाठी ओटीचा नारळ आत ठेवला.

दोन विमानं झाली, तिकडच्या खडबडीत रस्त्यात माझं चाक निखळलं. दारात आई खुर्चीवर बसली होती. आकूनं तिच्यापुढे बसून आपलं नाव सांगितलं. आईनं मान हलवली आणि पाहुणीला पाणी द्या म्हणून आत हाक मारली. मग तिची नजर माझ्यावर आली. तिनं ती पट्टी बोटांनी चाचपली आणि तिचा चेहरा उजळला.

"ही माझ्या अकोसुआची बॅग. जाऊन येते म्हणाली होती. तुला कुठं भेटली ती?"

आकूला रडू फुटलं. मी नुसती उभी. बॅगेनं काय करावं, तुम्हीच सांगा.

तीन आठवडे ती आईजवळ राहिली. तिची वेणी घातली, तिला घास भरवले. बाई फार गुणाची आहे, असं आई येईल त्याला सांगायची. तिला 'माझी लेक' मात्र एकदाही म्हणाली नाही. मला तिथं मोडून पडावंसं वाटत होतं. निघायच्या दिवशी आकू कशीबशी म्हणाली, "जाऊन येते."

आईनं माझा दांडा धरून ठेवला होता. ती म्हणाली, "तीपण असंच म्हणाली होती."

राजुरीला आलो तेव्हा माझ्यात उभं राहायचं बळ नव्हतं. सवयीप्रमाणे सुदर्शननं माळ्याला शिडी लावली. सगळी हकिगत ऐकून बसलेल्या ठमाबाई उठून आडव्या आल्या. "खाली राहू दे ती. पोरीनं येते म्हनलंय."

तेव्हापासून मी दाराशी असते. येणारा-जाणारा माझ्यावर ठेचकाळतो, मलाच बोल लावतो. लावू द्या. मित्रांनो, माझं मागणं लहान आहे. माझ्यात आता मिक्सर भरू नका, आणि हे चाक तेवढं बसवून द्या. फार दमलेय मी, पण मला अजून एकदा जायचंय. तिकडे आई ही पट्टी विसरायच्या आत.