ऑकलंडच्या पत्त्यावर मी जळत होतो

मी एक जुना राउटर आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने पक्का जळकुटा. लपवून काय उपयोग?

कुठल्याशा परदेशी कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून जहाजाने सामोआच्या सवायी बेटावर आलो आणि लागीबाईंच्या खिडकीत बसलो. इंटरनेटवर प्रत्येक घराला आकड्यांचा एक पत्ता असतो. आमच्या घराचा पत्ता माझ्यामार्फत बाहेर जाई. लागीबाई चर्चच्या गायकवृंदाच्या सूचना गावाच्या ऑनलाइन फलकावर टाकत, तेव्हाही तोच जाई. मी अगदी फुलून जायचो.

मग त्यांच्या लेकीने, दवाखान्यात नर्स असलेल्या फोलोलेने, लॅपटॉपवर पत्ता बदलणारं एक ॲप घेतलं. नेटबॉलचा सामना फक्त न्यूझीलंडवाल्यांना दिसणार होता. ॲपने माझा पत्ता झाकून ऑकलंडचा पुढे केला.

"आई, बघ, आत्ता आपण ऑकलंडमध्ये आहोत!"

"मग येताना तिथल्या तुझ्या आत्याकडून माझं पातेलं घेऊन ये. दोन वर्षं झाली नेऊन."

सगळे हसले. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. राबायचं मी आणि नाव त्या उपऱ्याचं!

त्या वर्षी शाळेतली मुलं पोट धरून दवाखान्यात येऊ लागली. शाळेची पाण्याची टाकी कित्येक वर्षांत कोणी धुतली नव्हती. फोलोलेने बायकांच्या समितीत तसं सांगितलं. पण ती टाकी गावप्रमुख तुइलोमा यांच्या वडिलांनी दिलेली.

"माझ्या वडिलांच्या टाकीला नावं ठेवतेस?" ते गरजले. "पुन्हा तोंड उघडलंस तर तुमचं अख्खं घर गावाबाहेर काढीन."

आमच्याकडे ही नुसती धमकी नसते. म्हणून फोलोले फलकावर निनावी लिहू लागली, ऑकलंडच्या पत्त्याआडून. तिच्या तीन चिठ्ठ्या वाचून घराघरांत पाणी उकळायला लागलं. फलक सांभाळणाऱ्याकडून पत्ता कळल्यावर लोक म्हणत, "ऑकलंडला गेलेलं आपलंच कोणीतरी असणार. भला माणूस आहे!" पुन्हा कौतुक त्याचंच! एकदा, फक्त एकदा माझा पत्ता जाऊ दे, असं मी रोज घोकायचो.

आमच्या गावात संध्याकाळी शंख वाजला की सारे प्रार्थनेला बसतात. मध्येच कोणाचा फोन वाजू नये म्हणून लागीबाई माझी तार काढून ठेवत. त्या दिवशी फोलोलेची चौथी चिठ्ठी अर्धी लिहून झाली होती. शंख वाजला. तार निघाली. प्रार्थनेनंतर ती परत लागली आणि मी जागा झालो, पण ॲप काही आपोआप चालू झालं नाही. फोलोलेने ते पाहिलंच नाही. चिठ्ठी पुरी करून तिने बटण दाबलं.

माझा पत्ता उघडाबोडका बाहेर गेला. खोटं कशाला बोलू, मला आनंदाचं भरतं आलं.

फलक सांभाळायचा तुइलोमांचा पुतण्या इओसेफा. प्रत्येक मजकुरामागचा पत्ता त्याला दिसे. हेच आकडे त्याने गायकवृंदाच्या सूचनांमागे शेकडो वेळा पाहिले होते. तो धावत काकांकडे गेला. रात्रीतच ही बातमी आमच्या घरीही पोहोचली.

दुसऱ्या दिवशी पहाटे लागीबाईंनी पेटीतून घरातली सर्वांत मौल्यवान चटई काढली. प्रमुखाच्या दारात चटई डोक्यावर ओढून बसायचं आणि त्याने ती उचलेपर्यंत उठायचं नाही, अशी आमच्याकडे माफी मागतात.

"आई, तू येऊ नकोस. लिहिलं मी."

"आणि तार कोणी काढली? चल. चटई मोठी आहे, दोघींना पुरेल."

समोरच्या हिरवळीपलीकडे त्या बसलेल्या मला खिडकीतून दिसत होत्या. ऊन चढलं, दुपार झाली. चटईखाली काहीच हलेना. माझा आनंद कधीच विरला होता. मला स्वतःची लाज वाटत होती.

उन्हं कलल्यावर तुइलोमा बाहेर आले आणि त्यांनी चटई उचलली. घर गावात राहिलं, मात्र फोलोलेने पुन्हा काही लिहायचं नाही या अटीवर. टाकीचं झाकण कोणीच उचललं नाही.

मित्रांनो, तार निघाली, वीज गेली की पत्त्यावरचं पांघरूण सरकतं. आधी तपासा, मग बटण दाबा. आणि आपल्या माणसाला कोणी दुसरा जपत असेल, तर त्याच्यावर माझ्यासारखे जळू नका.

फोलोले आता दवाखान्यातून येते, हात धुते. लॅपटॉप उघडत नाही. या घराला आता माझा एकच पत्ता उरला आहे. आज शाळेतली आणखी दोन मुलं आजारी पडली, हे तिने फक्त आईला सांगितलं.