किसनरावच्या बगीच्यातून रिकाम्या हातानं

नवीन साहेब लोकायचं जे ट्रेनिंग सेंटर हाये ना अमरावतीले, नांदगाव पेठेच्या अंगानं, त्याची बस मी चालवतो. माहं नाव देवमन. माह्या बसमधून बसून गेलेले पोट्टे आता तालुक्या-तालुक्यात साहेब हाएत. रस्त्यात भेटले तर कोनी थांबून चहा पाजते, कोनी काच वर करून घेते. आपल्याले दोन्ही चालते.

या सालच्या बॅचची लीडर होती आकांक्षा मॅडम. अकोल्याकडची, बाळापूर तालुक्यातली. माय अंगनवाडीत. बाई अशी की सकायच्या दौडीले पयले सोता उभी, मंग बाकीच्यायले हाक. आता लीडर म्हनलं की जो झोपते त्याले उठवा लागते, अन् ज्याले उठवलं त्याले राग येते. सागर नावाचा पोट्टा होता, अमरावतीचाच. त्याले वाटे लीडर आपनच व्हाले पायजे होतं. त्यात बाईनं त्याले तीनदा उशिरा पकडून मैदानाले चक्कर मारायले लावले.

मंग सुरू झाले बिननावाचे अर्ज. पयल्यात लिवलं, मॅडम लय कडक हाये, पोरायचे पाय सुजले. आठ दिवसानं दुसरा, मॅडम लय ढिली हाये, बॅच बिघडून रायली. मी म्हनलं, "मॅडम, तुमी हुकूम द्या, मी त्याले गाडीमागं पयवतो."

मॅडम म्हने, "कोनाले, देवमनभाऊ?"

"आता सारी बॅच जानते कोनाले."

"कागदावर नाव हाये का? नाई ना. मंग आपल्याले बी मालूम नाई."

अन् दोन्ही अर्ज घेऊन बाई सोताच डायरेक्टर साहेबाकडे गेली. म्हने, सर, सकायच्या हजेरीत मोठ्यानं वाचून दाखवा. साहेबानं वाचले, एकामागं एक. कडक बी अन् ढिली बी. पोट्टे असे हासले की सागरले बी हासा लागलं, नाईतर उघडा पडला असता.

पन तिसरा अर्ज हासन्याचा नव्हता.

झालं असं, का आंबिया बहाराची संत्री तोडाले आल्ती तवा आमची ट्रिप गेल्ती शेंदूरजनाघाटले, संत्र्याचा बगीचा पायाले. बगीचा किसनरावचा. मॅडमनं बसमध्येच सांगतलं, "कोनी काही घेऊन येनार नाई. नियम हाये." अन् किसनरावले बी तेच सांगतलं, "काका, आमाले घेता येत नाई. सरकारी नियम हाये."

किसनराव म्हने, "सरकार तुमच्या हापिसात, बाई. हे वावर माहं हाये."

मंग गोदाबाईनं, म्हंजे किसनरावच्या बायकोनं, सगळ्यायले गवऱ्यावर भाजलेले रोडगे अन् वांग्याची भाजी खाऊ घातली. इकडे आमी जेवून रायलो, अन् तिकडे गड्यायनं मागच्या दरवाज्यातून बस भरली. वरूडच्या पुढं आलो तवा वास सुटला. सीटाखाली पोतेच पोते. मॅडम म्हने, "गाडी फिरवा." म्या म्हनलं, "मॅडम, फिरवली तर टपावर बी टाकन तो." शेवटी संत्री आली मेसमध्ये. साऱ्या बॅचनं खाल्ली. सागरनं तर खिसे भरून नेली.

अन् अर्जात काय, का मॅडमनं शेतकऱ्याले साहेबकीचा धाक दाखवून संत्री वसूल केली.

आता हे साधं नाई. हे खरं ठरलं तर लीडरपद गेलंच, वरतून शेरा बसते, अन् नवीन मानसाची नोकरी शेऱ्यावर जाऊ शकते. डायरेक्टर साहेब म्हने, मी घरचा मानूस, माहं कोन आयकन, बाहेरून चौकशी हू द्या. पुण्याहून एक साहेब आले. इस्त्री केलेले, बोलने बी इस्त्री केलेलं. गेस्ट हाऊसवर सोताची पान्याची बाटली, सोताचा बिस्किटचा पुडा.

मॅडमले बोलावलं. मी दाराशी चाबी घेऊन उभा होतो.

"आरोप मान्य आहे?"

"संत्री आली हे खरं आहे, सर. मागितली नव्हती. किसनरावांना विचारा. मी सोबत येत नाही, नाहीतर मी साक्षीदाराला शिकवलं असं व्हायचं."

"आणखी काही म्हणणं?"

"एकच विनंती आहे, सर. तिथून रिकाम्या हातानं परत येऊन दाखवा."

साहेब जरासे हासले. "मी चौकशीच्या ठिकाणी चहासुद्धा घेत नाही."

"हो, सर," मॅडम म्हने.

दुसऱ्या दिवशी जीप काढली. बगीच्यात खाट टाकून किसनराव बसले होते. साहेब उभ्यानंच म्हने, "मी चौकशीला आलोय. काही घेणार नाही."

"बरं," किसनराव म्हने. "बसा तं खरे."

गोदाबाई पानी घेऊन आल्या. साहेबानं बाटली दाखवली. गोदाबाईनं तांब्या खाली ठेवला. "आमच्या घरचं पानी बी चालत नाई का तुमाले, साहेब?"

साहेबानं पानी पेलं. अन् तथीच ते हरले. पानी पेलं म्हंजे घर मानलं. घर मानलं तर तोंडात काही टाका लागते. गोदाबाईनं एक संत्रं सोलून हातातच देल्लं, आता सोललेलं परत कसं देता. मंग रोडगा आला, तूप आलं. साहेब "पुरे, पुरे" म्हनत रायले, पन आमच्याइकडे पुरे म्हनलं की वाढनारा समजते, मानूस लाजून रायला.

हात धून साहेबानं कागद काढला. "त्या मॅडमनी तुम्हाला धमकी दिली होती?"

"धमकी तर देल्ली होती," किसनराव म्हने.

साहेबाचा पेन उभा झाला.

"कोणी दिली?"

"म्या देल्ली. त्या बाईले म्हनलं, नेली नाईत तर पुढच्या खेपेले फाटकात पाय ठेऊ देनार नाई. लय हट्टी पोरगी हाये. तरी नाईच म्हने. मंग गुपचूप टाका लागली."

साहेबानं लिवून घेतलं. निंगतानी त्याईनं सोता जीपचं मागचं दार उघडून पायलं, सीटाखाली वाकून पायलं, माही डब्याची पिशवी बी झटकून पायली. काहीच नाई. किसनराव हात जोडून उभे. मले तवाच खटकलं, का हा मानूस इतका गरीब काहून झाला.

रस्ताभर साहेब खुशीत. "पाहिलंत? ठामपणे सांगितलं की लोक ऐकतात."

"हाव, साहेब," म्या म्हनलं.

सेंटरच्या फाटकात जीप शिरली तं सारी बॅच संध्याकाळच्या हजेरीले उभी. अन् गेस्ट हाऊसच्या पायरीवर पोत्यायची रांग. चौकीदार धावत आला. "साहेब, तुमची संत्री आली. शेंदूरजन्याहून माल घेऊन येनारा पिकप टाकून गेला. म्हने, पुन्याच्या साहेबाले द्या, त्यायनं आवडीनं खाल्ली."

कोनी हासलं नाई. हासन्याची हिंमतच नव्हती. साहेब जीपमधून उतरले अन् उतरल्यावर कोठं जावं हे त्यायले समजेना. मॅडम रांगेतून पुढं आली. सलाम केला. मले वाटलं आता देते हे ठेवून. सारी बॅच कान टवकारून.

"सर," मॅडम म्हने, "मागच्या वेळेस मेसमध्ये दिली होती. ही पण तिकडेच देऊ का?"

साहेब म्हने, "द्या." मंग जरा थांबून, "तुम्ही त्या दिवशी किती वेळा नाही म्हणाला होतात?"

"मोजलं नाही, सर."

"मी दोनदाच म्हणालो," साहेब म्हने, अन् आत गेले.

सकायी त्यायनं हजेरीत सोता वाचलं. तक्रार खोटी. संत्री मागितल्याचा पुरावा नाई, नाकारल्याचा हाये, अन् सदर शेतकऱ्याले नकार समजत नाई हे चौकशी अधिकाऱ्यानं सोता अनुभवलं. मंग म्हने, अर्ज कोणाचा हे शोधायचं का? मॅडम म्हने, "गरज नाही, सर. ट्रेनिंग आहे, तक्रार लिहायलाही शिकतीलच." सागर बुटाकडे पाहून रायला होता.

साहेब पुन्याले गेले. बिस्किटचा पुडा तसाच ठेवून गेले, पिशवीत जागा नव्हती.

दोन दिवसानं मॅडमनं सागरले बोलावलं. "किसनरावचे रिकामे पोते वापस द्यायचे हाएत. तू जा. देवमनभाऊ नेतीन."

सागर हळूच म्हने, "मॅडम, तो अर्ज..."

"मले मालूम हाये. जाय. अन् आयक, येतानी काही आनायचं नाई. नियम हाये."

गेलो. पोते देल्ले. सागरनं पानीच पेलं नाई, शहाना पोट्टा, मायच्यान. चपला बी नाई काढल्या. नाई नाई म्हनत मागच्या पावली फाटकापर्यंत आला. गोदाबाई त्याच्याशी बोलत रायल्या, माय कशी हाये, लग्न जमलं का. मंग आमी निंगालो.

वरूडच्या पुढं त्यानं नाक वर केलं. मंग मागं वयून सीटाखाली पायलं. मंग माह्याकडे.

"देवमनभाऊ, आता मॅडमले काय सांगू?"

"खरं ते सांग. म्या मागितली नाईत म्हन."

तो म्हने, "मानतीन का मॅडम?"

"ते मानते बावा," म्या म्हनलं. "तू फकस्त अर्ज करनाऱ्याचं पाय."