चौसष्टावी

अकरा वर्षं शाळेच्या बसवर पोरं चढवण्या-उतरवण्यात घालवलेल्या बाईने तुरुंगरक्षकाच्या नोकरीचा अर्ज भरला, तेव्हा गल्लीत हसायचं कुणी बाकी राहिलं नाही. पोरं तिला बसताई म्हणत, म्हणून गल्लीही बसताईच म्हणे. वयाची अट अडतीसची, आणि तिला अडतीस पूर्ण व्हायला दोन महिने उरलेले. म्हणजे ही भरती हुकली की कायमची हुकली. नवरा लांबच्या ट्रकवर ड्रायव्हर, तो फोनवर एवढंच म्हणाला, "बघ बाई, झेपत असेल तर."

सासऱ्यांनी मात्र चंगच बांधला. ते कारखान्यात टाइमकीपर होते. स्वतः निवृत्त झाले, पण त्यांचं घड्याळ काही निवृत्त झालं नव्हतं. आठशे मीटर धावायची परीक्षा होती, म्हणून रोज सकाळी सून पुढे आणि सासरे सायकलवर मागे, अशी वरात निघे. "सूनबाई, पंधरा सेकंद जास्त! आज चहा नाही!" असं ते भर रस्त्यात ओरडत. चहा तेच करत, आणि तो रोज मिळायचाच. धावण्यात ती पास झाली त्या दिवशी घरी येऊन तिने सरळ त्यांचे पाय धरले, तर म्हातारा सायकलची चेन बघायच्या निमित्ताने बाहेर पळाला.

मुलाखतीला तीन साहेब बसले होते. मधल्याने अर्जावरून मान वर केली. "अनुभव म्हणून शाळेची बस लिहिलीत. तिचा इथे काय उपयोग?"

"साहेब, अकरा वर्षांत एकही पोर माझ्या बसमध्ये झोपून राहिलं नाही. प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजायचे. सीटखाली लपलेलंसुद्धा सुटायचं नाही."

साहेब हसले आणि त्यांनी कागदावर खूण केली. ज्या सवयीने तिला नोकरीच्या दारापर्यंत आणलं, तीच सवय पुढे तिच्या मुळावर उठणार होती, हे तेव्हा ना तिला ठाऊक ना साहेबांना.

प्रशिक्षणाचे पहिले तीन महिने बरे गेले. किल्ल्यांचा जुडगा वाजू द्यायचा नाही. कैद्याकडे पाठ करायची नाही. झडती घेताना खिशात एकदम बोटं खुपसायची नाहीत, आत ब्लेड असू शकतं, आधी बाहेरून चाचपायचं. अहवालात 'मला वाटलं' लिहायचं नाही, 'मी पाहिलं' लिहायचं. बरोबरच्या मुली विशीतल्या, पाठांतरात पटाईत. बसताई रात्रीचं जेवण उरकून ओट्यापाशीच वही उघडी ठेवून घोकायची, आणि सासरे मधूनच एखादा नियम विचारून तिला पकडायचे.

शेवटचे तीन आठवडे खऱ्या तुरुंगात होते, बायकांच्या विभागात. तिथे तिला हवालदारबाईंच्या हाताखाली दिलं. हवालदारबाई म्हणजे सव्वीस वर्षांची नोकरी आणि मोजून मापून बोलणं. रोज सकाळी चौसष्ट कैदी बायका अंगणात भिंतीला लागून एका रांगेत उभ्या राहत. रक्षकाने रांगेसमोरून चालत मनात मोजायचं, शेवटी आकडा सांगायचा, आणि तो वहीशी जुळला की मगच चहाचं पातेलं उघडायचं.

"आज तू मोज," पहिल्याच सकाळी हवालदारबाई म्हणाल्या.

बसताई निघाली. एक, दोन, तीन. आणि तिच्याही नकळत हात वर गेला आणि डोक्यांवर टेकत पुढे सरकू लागला. बायका चकित झाल्या. काही हसल्या, एका म्हातारीने तर डोळेच मिटले. हवालदारबाई मागून "अगं, अगं" म्हणताहेत, पण बसताईच्या कानावर काही जाईना. ती जणू तिच्या बसमध्येच होती. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. रांगेच्या टोकाला, भिंतीच्या कोपऱ्यात, एक तरुण मुलगी नेहमी उभी राहायची. कुणाशी बोलायची नाही, म्हणून तिला सगळ्या 'कोपऱ्यातली' म्हणत. तिच्याकडे हात गेला मात्र, ती दोन्ही हात डोक्यावर घेऊन मटकन खाली बसली. मारापासून वाचायला माणूस बसतो तशी.

बसताईने हात झटकन मागे घेतला. मोजणी तिथेच मोडली.

हवालदारबाईंनी तिला कार्यालयात नेलं. ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "इथे एखादीवर हात उगारला की तिला काय काय आठवेल, ते तुला ठाऊक नाही, मलाही नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून नियम आहे. हा अहवाल मी पाठवणार. आणि शेवटच्या दिवशी अधीक्षकबाईंसमोर मोजणीची परीक्षा आहे, ती एकदाच होते. चुकलीस तर पुढच्या तुकडीत."

अडतिशी उलटून गेली होती, पुढची तुकडी तिच्या नशिबात नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी तिने कोपऱ्यातलीला गाठलं. ती अंगणाचा नळ घासत होती. हवालदारबाई पाच पावलांवर उभ्या. "माझं चुकलं गं," बसताई म्हणाली. "हात लावायला नको होता. परत असं होणार नाही." मुलीने वर पाहिलं आणि ती पुन्हा नळ घासू लागली. शेजारच्या दोघींच्या हातातले झाडू मात्र थांबले होते. गणवेशातल्या माणसाने इथे कधी माफी मागितल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

माफी झाली, पण मोजणी जमेना. हात पाठीशी बांधले की आकडाच पळायचा. डोळे पुढे आणि आकडा मागे! एक दिवस त्रेसष्ट भरल्या, एक दिवस सहासष्ट. एकदा एकसष्टच झाल्या तेव्हा तीन बायका पळाल्या असं समजून फाटकावरच्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं. प्रत्येक वेळी हवालदारबाई पुन्हा मोजत आणि चहा पुन्हा गार होई.

घरी सासरे तिला रस्त्याच्या कडेने चालवत कुंपणाचे गज मोजायला लावत. गज बरोबर यायचे. "बाबा, गज हलत नाहीत, खोकत नाहीत, आणि माझ्याकडे बघत नाहीत," ती म्हणाली. त्या रात्री पहिल्यांदाच त्यांनी नियम विचारला नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी रांग सुटल्यावर विभागातली सगळ्यात जुनी कैदी, जिला सगळ्या कारभारीण म्हणत, ती बसताईजवळून जाता जाता पुटपुटली, "बाई, तीन आठवडे गार चहा पितोय आम्ही. तुम्ही नापास झालात तर दुसरी शिकाऊ येणार, परत पहिल्यापासून गार चहा."

"मी काय करू?" बसताई जवळजवळ रडवेली होऊन म्हणाली. "हाताशिवाय मला मोजताच येत नाही."

कारभारणीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि ती निघून गेली.

सकाळी अधीक्षकबाई वही घेऊन अंगणात उभ्या राहिल्या. बसताईने हात पाठीशी घट्ट धरले आणि ती रांगेपुढे आली, तर रांगेत पहिली कोपऱ्यातली! आपला कोपरा सोडून ती आज या टोकाला उभी होती. तिने बसताईकडे सरळ पाहिलं, आणि डोकं हलकेच खाली केलं. कुणी मायेने हात ठेवावा म्हणून करतात तसं. मग वर.

एक.

दुसरीने डोकं खाली केलं, वर केलं. दोन. तिसरीने. चौथी खोकली, पण खोकता खोकताच तिनेही केलं. बसताई चालत राहिली. एकेक डोकं वाकत होतं आणि एकेक आकडा आपल्या जागी बसत होता. तिला बोटंसुद्धा हलवावी लागली नाहीत. चाळिसाव्याला डोळे भरून आले तरी आकडा सुटला नाही. कोपऱ्यात आज कारभारीण उभी होती. तिने इतक्या थाटात मान झुकवली की एरवी हसू आलं असतं.

"चौसष्ट."

अधीक्षकबाईंनी वही पाहिली. "बरोबर." मग कपाळाला आठ्या घालून हवालदारबाईंना विचारलं, "ह्या माना का हलवत होत्या?"

सव्वीस वर्षांत एक खोटा शब्द न लिहिलेल्या हवालदारबाई समोर बघत म्हणाल्या, "मॅडम, शिस्त."

अधीक्षकबाई सही करून गेल्या. चहाचं पातेलं उघडलं, वाफ वर आली. बसताई तिथेच उभी होती. "बाई," तिने हळूच विचारलं, "यांचे आभार मानायला नियमात बंदी आहे का?"

"नाही," हवालदारबाई म्हणाल्या. "पण आजवर कुणी विचारलंही नव्हतं."

मग ती रांगेकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुमचे फार उपकार झाले. मी विसरणार नाही." आवाज फाटला, पण तिने तो आवरला नाही.

"आधी चहा घेऊ दे, उपकाराचं मागून बघू," कारभारीण म्हणाली आणि बायका खळखळून हसल्या.

कोपऱ्यातली पेला घेऊन पुढे आली. हवालदारबाईंनी दोन वर्षांत तिचा आवाज ऐकला नव्हता. त्यांनी मान वळवली.

"त्या दिवशी तुम्ही त्रेसष्टांवर थांबलात," मुलगी म्हणाली. "मीच खाली बसले. सगळ्यांना मोजलंत, मी एकटीच राहिले. मग मला वाटत राहिलं, बसले नसते तर बरं झालं असतं."

बसताईला हात उचलावासा वाटला, पण तिने तो पाठीशी धरून ठेवला.

"म्हणून आज पहिली उभी राहिले," मुलगी म्हणाली, आणि तिने आपणहून पुन्हा एकदा डोकं खाली केलं.