सकाळचा डावा हात

शनिवारी दुपारी चार वाजता वहिनींची निवड झाली. पियानो शिकवणाऱ्या बाईंनी फोन करून स्वतःच कळवलं.

"रेकॉर्डिंग ऐकलं. दोन्ही हात काय जुळलेत हो. उद्या वाचनालयातल्या कार्यक्रमाची सुरुवात तुम्हीच करायची. मी तुमच्याच बाजूला येतेय, जाता जाता एकदा समोर ऐकते."

वहिनी "हो, या ना" म्हणाल्या आणि फोन ठेवून पियानोकडे बघत बसल्या.

"निवड झाली ना?" नणंदेनं विचारलं. "मग औषध संपल्यासारखा चेहरा का?"

"अगं, दोन्ही हात जुळलेत म्हणाल्या."

"बरं मग?"

"मी ते एकत्र वाजवलेच नाहीत."

वहिनी फार्मासिस्ट. दोन गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या त्यांनी कधी एकदम हातात घेतल्या नाहीत; एकाचं काम पुरतं झाल्याशिवाय दुसऱ्याकडे मान वर करून बघायचं नाही, हा दुकानातला त्यांचा नियम. घरच्या डिजिटल पियानोवर रेकॉर्डिंगची बटणं दोन, एक उजव्या हाताचं, एक डाव्याचं. त्यामुळे त्यांच्या मनात शंकाच आली नाही. सकाळी आधी उजवा हात चोख वाजवून घेतला. चहा प्यायल्या. मग डावा. दोन्ही एकत्र करायचं काम पियानोनं केलं. जग असंच रेकॉर्डिंग करत असणार, नाहीतर बटणं दोन कशाला?

मागच्या दोन्ही कार्यक्रमांत वहिनींच्या वाट्याला इतरांच्या स्वरलिपीची पानं उलटायचं काम आलं होतं. यंदा त्यांना पियानोसमोरच्या स्टुलावर बसायचं होतं. तसं त्या दुकानात सांगूनही बसल्या होत्या. खोकल्याचं औषध न्यायला आलेल्यांनासुद्धा आमंत्रण गेलं होतं, वर खोकला थांबला तरच यायचं अशी ताकीद.

"सोपं आहे," नणंद म्हणाली. "रेकॉर्डिंग लाव आणि वरून नुसती बोटं नाचव."

"ही फसवणूक झाली."

"आणि सकाळी काय केलंस?"

"सकाळी मी काम केलं. दोनदा."

दारावरची बेल वाजली. बाई आत आल्या, पर्स सोफ्यावर टाकली, पाणी नको म्हणाल्या. "हं, करा सुरू."

वहिनींनी एक बटण दाबलं. डाव्या हाताचं वादन पियानोतून आपसूक सुरू झालं. त्यावर वहिनींनी उजवा हात चढवला, आणि खरं सांगायचं तर सुरेख चढवला. बाई डोळे मिटून मान डोलवत होत्या. मग त्यांनी डोळे उघडले. वहिनींचा डावा हात मांडीवर स्वस्थ पडला होता.

"हा डावा हात कुणाचा वाजतोय?"

"माझाच आहे, बाई. सकाळचा आहे."

नणंद खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

वहिनींनी मग सगळं सांगितलं, दोन बटणांपासून चहापर्यंत. शेवटी हात लांब करून बाईंनी पियानोचं रेकॉर्डिंग बंद केलं.

"आता दुपारचा डावा हात ऐकू द्या. उजव्याबरोबर. कितीही हळू चालेल."

"आणि उद्याचं?"

"आधी वाजवा."

वहिनींनी दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले. पहिल्याच ओळीत डावा पुढे पळाला. दुसऱ्यांदा उजवा अडला आणि डावा त्याची वाट बघत बसला.

"निदान भांडत तरी नाहीत," नणंद पुटपुटली.

"तुम्ही गप्प बसा," बाई म्हणाल्या. "पुन्हा."

संध्याकाळी दिवे लागले तेव्हा दोन्ही हात तिसऱ्या ओळीच्या शेवटापर्यंत बरोबर पोचले होते. पुढे पाच ओळी बाकी होत्या. उद्या स्टुलावर कोण बसणार, हे बाईंनी अजून सांगितलं नव्हतं. मात्र मघाशी नको म्हटलेलं पाणी त्यांनी मागून घेतलं होतं, आणि पर्स अजून सोफ्यावरच होती.