सात मात्रांची धून

कवळ्या बनवणाऱ्या बाईनं दातओठ खाऊ नयेत, पण त्या दुपारी ती खात होती. समोर टेबलावर कुणा आजोबांचा खालचा जबडा मेणात अर्धवट बसलेला, हातात तापलेली सुरी, आणि शेल्फवरच्या रेडिओवर तिचा सख्खा भाऊ बोलत होता.

भाऊ मोठा माणूस. गिटार शिकवणारी त्याची शाळा शहरात सगळ्यांना ठाऊक. मुलाखत घेणारी मुलगी त्याला 'सर, सर' करत होती आणि तो लोण्यासारख्या आवाजात सांगत होता, की ती प्रसिद्ध धून त्याला लग्नाच्या आधी सुचली, म्हणून बायकोचं नाव तिला दिलं. दोन भाग झाले आणि पुढे काही सुचेचना. "मग तशीच राहू दिली. प्रेम तरी कुठे पूर्ण होतं?"

मुलगी हळहळली. मग तिनं विचारलं, घरात आणखी कुणी वाजवतं का?

"धाकटी बहीण होती ना. मीच शिकवायला घेतलं होतं तिला," दादा हसला. "पण बिचारीची नेहमी एक मात्रा कमी पडायची. काहींच्या बोटांत नसतंच हो ते."

सुरी मेणात खोल गेली आणि आजोबांची दाढ टेबलावरून घरंगळत खाली पडली.

धून तिची होती. सतरा वर्षांची असताना, खोलीचं दार लावून, तिनं ती एकटीनं बसवली होती. तीन भाग. आणि ती सात मात्रांतच सुचली होती, चालताना पायरी चुकावी आणि तरी तोल सावरावा, तशी. पलीकडच्या खोलीत दादा अभ्यासाला बसायचा. पहिले दोन भाग त्यानं भिंतीआडून ऐकले. तिसरा तिनं केला, तेव्हा तो नोकरीसाठी परगावी गेला होता. पुढे एका चुलतभावाच्या साखरपुड्यात त्यानं 'माझी नवी धून' म्हणून ती वाजवली. मध्ये एक मात्रा कोंबून आठ केल्या होत्या, लोकांना टाळ्या वाजवता याव्यात म्हणून.

ती रडत आईकडे गेली होती. आई म्हणाली, "अगं, घरातलंच आहे ना? त्याचं काय नि तुझं काय. त्याला चारचौघांत वाजवायचं असतं."

त्यानंतर तिनं गिटारीला हात लावला नाही. लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी शिकायला लांब गेली. दवाखान्यांना कवळ्या पुरवणाऱ्या प्रयोगशाळेत तिचं बस्तान बसलं, सगळे तिला 'दातवाल्या बाई' म्हणू लागले. दादाची धून दर समारंभात वाजायची. ती टाळ्या वाजवायची. चोरी पचली होती म्हणा, पण 'बोटांत नसतं' हे जिव्हारी लागलं.

रविवारी ती नवऱ्याला घेऊन गिटारीच्या दुकानात गेली. नवरा नकाशे काढणारा, मोजकं बोलणारा माणूस.

"हे कशासाठी?" त्यानं विचारलं.

"दादाचा वचपा काढायचाय."

त्यानं जरा विचार केला. "मग जरा बरी घे. असल्या डबड्यानं काय वचपा निघणार?"

गिटार शिकवणाऱ्या गुरुबाईंचा पत्ता त्याच दुकानदारानं दिला. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावरची खोली. खालून इस्त्रीची गरम वाफ येई आणि उन्हाळ्यात तारा सारख्या उतरत. बाई सत्तरीच्या, पांढरे केस मुलासारखे कापलेले. उभा जन्म त्यांनी नावाजलेल्या गायकांच्या मागे बसून वाजवलं होतं. बोलणं तिखट. त्यांनी तिला काहीही वाजवून दाखवायला सांगितलं. तिनं वाजवलं. गुरुबाई डोळे मिटून ऐकत होत्या, मग डोळे उघडून त्यांनी थेट विचारलं,

"कोण आहे तो?"

"कोण?"

"ज्याच्या थोबाडीत मारतेयस तो. तार छेडायची असते, बये. तू तर तिचा जीव घेतेयस."

तिनं सांगून टाकलं. सगळं. आईनंतर इतक्या वर्षांत नवऱ्याखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. गुरुबाईंनी 'अरेरे' म्हटलं नाही की 'जाऊ दे' म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे गिटार शिकायला नाही, सूड शिकायला आलीस. चालेल. माझ्याकडे याहून वाईट कारणं घेऊन माणसं आलीत. पण एक सांगते, तापलेल्या हातानं काही वाजत नाही. पुढे धावशील, तारा खरखरतील, आणि तो तिथे बसून हसेल. चालेल तुला?"

"नाही."

"मग बोट ठेव."

पहिला धडा एकाच सुराचा. तार गिटारीच्या मानेवरच्या धातूच्या पडद्याच्या अगदी लगत धरायची, पण दाबायची नाही, नुसता स्पर्श. मग दुसऱ्या हातानं छेडत राहायचं आणि दाब कणाकणानं वाढवत न्यायचा. आधी नुसती ठकठक, मग खरखर, आणि मग एका क्षणी सूर लख्ख. "थांब!" गुरुबाई ओरडल्या. "एवढाच दाब लागतो. एवढाच. वरचा सगळा तुझ्या भावासाठी राखून ठेव, हातात आणू नकोस."

ती थक्क झाली. सतराव्या वर्षीसुद्धा ती चौपट जोर लावून वाजवायची. मनगट दुखायचं, तर तिला वाटायचं बोटांतच खोट आहे.

मग सवयी मोडणं सुरू झालं. अंगठा गिटारीच्या मानेला आवळून धरायची, तो मागे सैल टेकवायला शिकली. खांदे कानांपाशी जायचे, तेव्हा गुरुबाई पट्टीनं टोचायच्या. उजव्या हाताची दोन बोटं आलटून पालटून चालायला हवीत, तर तिचं एकच बोट सगळी कामं ओढायचं, "आमच्या घरच्या बायांसारखं," असं तीच म्हणाली आणि गुरुबाई पहिल्यांदा हसल्या. ठोके देणारा मेट्रोनोम इतका हळू लावायच्या की दोन ठोक्यांच्या मध्ये तिला दादाच्या आवाजातलं अख्खं वाक्य ऐकू यायचं. 'काहींच्या बोटांत नसतंच हो ते.' तेवढ्यात हात घट्ट व्हायचा, सूर फाटायचा.

"आला का भाऊ?" गुरुबाई विचारायच्या.

"आला."

"बसव त्याला खुर्चीवर. पाणी दे. आणि पुन्हा वाजव."

रोज सकाळी कामावर जाण्याआधी ती सराव करायची. नवरा शेजारी बसून वर्तमानपत्र वाचायचा आणि मध्येच म्हणायचा, "आज कमी रागावलीस." राग कमी झाला नव्हता. तो फक्त आता आज्ञेत राहू लागला होता, आणि त्याची तिला गोडी लागली. सफाईदार सूर निघाला की तिला दादाचा चेहरा उतरलेला दिसायचा. एखादी अवघड जागा बसली की ती मनात म्हणायची, ही घे. दोन हिवाळे असे गेले. दुसरा सरत आला, तेव्हा तिसरा भाग तिच्या हातात असा बसला होता, की ती वाजवता वाजवता खिडकीबाहेर बघू शकायची.

आता तिला स्टेज हवं होतं. ते तिनं वहिनीकडून मिळवलं.

वहिनी म्हणजे दादाची बायको, शाळेचा सगळा कारभार बघणारी, सरळ मनाची. ती सरळ आहे हे ठाऊक असूनच तिनं फोन केला. "वहिनी, मी गुपचूप गिटार शिकतेय. दादाला सांगू नका."

"अय्या, वन्सं! खरंच?" वहिनीला आनंद आवरेना. "मग शाळेच्या रौप्यमहोत्सवात वाजवाच. मी शेवटी जागा ठेवते. ह्यांना कळूच देत नाही, बघा कसे चकित होतात!"

"हो," ती म्हणाली. "चकित तर होतीलच."

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. आजी-माजी विद्यार्थी, पालक, पहिल्या रांगेत आई चाकाच्या खुर्चीत. गुरुबाई मागे दाराजवळ बसल्या. शेवटी वहिनीनं माईकवर जाहीर केलं, की आता घरातलीच एक व्यक्ती वाजवणार आहे. ती गिटार घेऊन पुढे आली तेव्हा दादानं आ वासला आणि मग तो दिलखुलास हसला. माईक त्यानं वहिनीच्या हातातून घेतला. त्याला राहवेल कसं?

"मंडळी, ही माझी पहिली विद्यार्थिनी! आणि एकमेव नापास!" सगळे हसले. "सांभाळून घ्या हं. हिची एक मात्रा कमी पडते."

जुना राग उठला. तो हातापर्यंत पोहोचू पाहू लागला. तिनं खांदे सोडले. अंगठा सैल केला. भावाला मनातल्या मनात खुर्ची दिली.

"दादा, वहिनीच्या नावाची धून वाजवते," ती गोड आवाजात म्हणाली. "तू पण बस ना सोबत. एकटीला भीती वाटते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दादानं स्वतःची गिटार मागवली, शेजारी बसला, डोळा मारून म्हणाला, "घाबरू नकोस, मी आहे."

तिनं सात मात्रांत सुरुवात केली.

पहिल्याच आवर्तनात दादा एक मात्रा मागे पडला. तो हसला, तिच्याकडे बघून मान हलवली, पुन्हा धरायला गेला, पुन्हा सटकला. त्याला वाटत होतं ती चुकतेय, पण ती दर खेपेस त्याच जागी चुकत होती, आणि त्या जागेवर धून अशी काही झुकत होती की पुढच्या रांगेतल्या मुलांनी माना पुढे केल्या. दुसऱ्या भागात त्यानं मुकाट्यानं सात मोजायला सुरुवात केली. ओठ हलताना सगळ्यांना दिसले. दुसरा भाग संपला. त्याची धून इथे संपायची. त्यानं शेवटचा सूर लांबवला, हात उचलला, टाळ्यांसाठी लोकांकडे वळला.

ती थांबली नाही.

तिसरा भाग खालच्या तारांवरून वर चढत गेला, पहिल्या भागाचे धागे उचलत, सावकाश. दादानं घाईनं गिटार पुन्हा धरली. बोटं पडदे शोधू लागली. इथे नाही, तिथेही नाही. एक चुकीचा सूर मोठ्यानं वाजला. मग त्यानं तारांवर तळहात ठेवला आणि नुसता बसून राहिला, स्वतःच्या शाळेच्या स्टेजवर, स्वतःच्या विद्यार्थ्यांसमोर. तिनं एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. हात गार होता. प्रत्येक सूर लागेल तेवढ्याच दाबाचा.

संपल्यावर क्षणभर कुणाला कळेना टाळ्या वाजवाव्यात की नाही. तिनं माईक ओढला.

"ही मी सतराव्या वर्षी केली," ती म्हणाली. "दादाला भिंतीआडून पहिले दोनच भाग ऐकू आले होते. बाकी प्रेमाबिमाचं काही नाही."

मग टाळ्या झाल्या, कुठे जोरात, कुठे मुळीच नाही. दादाचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. आई मांडीकडे बघत होती. ती पायऱ्या उतरताना आईनं तिचं मनगट धरलं आणि म्हणाली, "तेव्हाच ऐकायला हवं होतं मी तुझं." तिनं हात सोडवून घेतला.

दारापाशी गुरुबाई चिडलेल्या. "वाजवलंस तेवढं पुरे होतं. त्याच्यावर बोललीस कशाला?"

"बोलता यावं म्हणूनच तर वाजवायला शिकले," ती म्हणाली. गुरुबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि मग तिची गिटार स्वतःच्या खांद्यावर घेतली.

त्या आठवड्यात ती जेवढी सुखात होती, तेवढी कधीच नव्हती. दादानं फोनवर फोन केले. तिनं एकच उचलला.

"काय मिळालं तुला हे करून?"

"मजा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग वहिनी आली. प्रयोगशाळेतच, भर दुपारी. स्टुलावर बसली, समोरच्या प्लास्टरच्या जबड्यांकडे बघत राहिली.

"मी विचारलं ह्यांना," ती म्हणाली. "आधी म्हणाले दोघांनी मिळून केली. मग म्हणाले, इतक्या जुन्या गोष्टी कोण लक्षात ठेवतं. तेव्हा मला कळलं. शाळेत ती आता कुणी वाजवणार नाही, तसं सांगितलंय मी. आणि माझं नाव काढलंय तिच्यावरून."

"वहिनी, तुमच्यावर राग नव्हता माझा."

"ठाऊक आहे. म्हणून तर जास्त लागलं." वहिनीचा आवाज चढला नाही. "लग्नात ह्यांनी मला दुसरं काही दिलं नव्हतं. ती धून तेवढी होती. तुमची होती, तुम्ही नेलीत, बरोबर केलंत. पण मला फोन करून, मला हसवून, माझ्याच हातानं केलंत. सरळ मला येऊन सांगितलं असतं, तर मी विश्वास ठेवला नसता का?"

ठेवला असता. वहिनीनं नक्की ठेवला असता, आणि मग कदाचित घरातल्या घरात सगळं मिटलं असतं, आणि नेमकं तेच तिला नको होतं. चारचौघांत हवं होतं. हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं आणि तिनं ते बोलूनही दाखवलं. "मला ते मिटायला नको होतं, वहिनी."

वहिनी उठली. "चहा नको," ती म्हणाली, कुणी विचारलं नव्हतं तरी. दारात क्षणभर थांबून म्हणाली, "वाजवलंत मात्र छान," आणि गेली.

तिनं पुन्हा सुरी तापवायला घेतली. वहिनीसाठी मनात काहीतरी टोचत होतं आणि ते टोचत राहणार हे तिला दिसत होतं. दादासाठी शोधून पाहिलं. तिथे काही नव्हतं, कणभरसुद्धा. पुन्हा तेच स्टेज, तोच माईक मिळाला असता, तर तिनं पुन्हा तेच केलं असतं, फक्त आधी वहिनीला भेटून.

संध्याकाळी ती लाँड्रीच्या वर गेली. गुरुबाईंनी नवाच तुकडा काढून ठेवला होता, अवघड, डाव्या हाताचं पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं धरून वाजवायचा.

"हा कुणाविरुद्ध?" तिनं विचारलं.

"कुणाविरुद्ध नाही. जमेल?"

तिनं बोट आडवं धरलं. दोन तारा बोलल्या, बाकीच्या मुक्या राहिल्या. "नाही जमत," ती म्हणाली.

"मग खुर्ची पुढे ओढ," गुरुबाई म्हणाल्या.