मंगलच्या दारातली दवंडी

मित्रांनो, शेतकरी समितीच्या खोलीत खिळ्याला टांगलेली ती धुळकट हलगी पाहिलीत ना? ती मीच. आता मोर्चाला लाऊडस्पीकरची गाडी येते, माझी कुणी आठवण काढत नाही. पण माझेही दिवस होते बरं!

सांबऱ्याजवळच्या एका जत्रेत आमच्या गावच्या मनुबाईनं मला विकत घेतलं. आमच्या काळ्याभोर शिवारातून मोठा रस्ता जाणार होता, तो अडवायला गावानं समिती काढली होती. पहिली बैठक मनुबाईच्या परसातच झाली. मोजणीवाले बांधावर दिसले की ती मला गळ्यात अडकवून वाजवत सुटायची. चुलीवरची भाकरी टाकून बायका धावायच्या. ‘बाई हलगी वाजवती!’ म्हणून हसणारे बाप्येही मागोमाग यायचे. मोजणीवाल्यांना आधी ताक पाजायचं आणि मग परत पाठवायचं, हा मनुबाईचा शिरस्ता. काय सांगू, तेव्हा वाजताना ऊर भरून यायचा!

मग एका वर्षी मनुबाई लेकीच्या बाळंतपणाला लोंढ्याला गेली. इकडे गावातल्या मंगलनं जमीन द्यायला संमतीची सही केली. नवरा दवाखान्यात मरणाशी झुंजत होता, ती तरी काय करणार? पण समितीचा परशराम भडकला. त्यानं मला उचललं आणि गल्लीगल्लीत दवंडी दिली.

“ऐका हो! मंगलच्या घरात कुणी पाय ठेवायचा न्हाय! गिरणीत तिचं दळण घ्यायचं न्हाय!”

माझा नुसता संताप झाला, पण हलगीला नाही म्हणता येत नाही. मंगल डोक्यावर दळणाचा डबा घेऊन शेजारच्या गावाला चालत जाऊ लागली. ह्याच खोलीवरून जायची, मान खाली घालून.

मनुबाई परतली, तिला सगळं कळलं, आणि ती कडाडली, “सरकारनं अन्याय केला की बोंबलायचं, आनि आपण केला की गप बसायचं व्हय रं?”

“आक्का, हळू बोला,” परशराम म्हणाला. “आपल्यातच भांडण हाय म्हटल्यावर रस्तावाल्यांचं फावंल. लढा संपू दे, मग बघू.”

“तवर तिनं काय खायाचं? दवंडीनं घातलेली बंदी दवंडीनंच उठवायची, ही गावची रीत हाय. चल माझ्यासंगं.”

परशराम जागचा हलला नाही. मनुबाई मला गळ्यात अडकवून एकटीच निघाली. भुरभुर पाऊस होता. प्रत्येक गल्लीत थांबून ती ओरडली, “ऐका हो! मंगलला वाळीत टाकलं, ही आमच्या समितीची चूक हाय! मी समितीची हाय, मी माफी मागती!”

लोक दारात येऊन नुसते बघत राहिले. मंगलच्या दारात पोचेपर्यंत माझं कातडं भिजून सैल पडलं. मनुबाई थाप मारायची आणि मी नुसती भद्द भद्द करायची. भर दारात अशी फजिती! मला रडूच आलं.

मंगल उंबऱ्यात उभी राहून पाहत होती. मग ती वळून आत गेली. मला वाटलं, आता दार लावणार. तर ती चुलीतलं पेटतं लाकूड घेऊन बाहेर आली.

“आक्का, शेकून घ्या तिला,” ती म्हणाली, “आनि मोठ्यानं वाजवा. गिरणीपतूर ऐकू जाऊ दे.”

मित्रांनो, मला ओलीपासून जपा, एवढं तर मागतेच. पण त्याहून मोठं एक मागणं आहे. तुमचीच माणसं मला घेऊन कुणाच्या जिवावर उठली, तर त्यांचा हात धरा. मला थांबता येत नाही. तुम्हाला येतं.